पतंगांची हजेरी

गेल्या आषाढातली गोष्ट. दोन दिवस झड लागून पावसाने नुकतीच उघडीप दिली होती. आमच्या गावाबाहेरच्या एका मळ्यात, खोपीपुढे, मी, माझ्या शाळेतली चार मुले आणि मळ्याचे मालक असे बसलो होतो. मालक पंच्याहत्तरीचे, सगळे गाव त्यांना आबाजी म्हणते. वळचणीला एक दिवा टांगलेला होता आणि त्याच्याभोवती सात-आठ पाखरे फिरत होती. त्यांच्याकडे पाहत आबाजी म्हणाले, “पह्यले कंदिलापाशी इतके पाखरं येत का जेवू देत नव्हते, गुरुजी. आता कुठी गेले कोनाले मालूम.”

माझ्या मुलांत सातवीतली एक मुलगी आहे. तिला विचारल्यावाचून राहवत नाही. ती म्हणाली, “किती येत होते, आबाजी?”

“लय.”

“लय म्हंजे किती?”

आबाजींनी माझ्याकडे पाहिले. मी दिव्याकडे पाहिले.

मी पेशाने शिक्षक आणि हौसेने कादंबरीकार. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिक, आणि त्यावर चित्रकलेच्या दोन-तीन परीक्षा. तेव्हा शास्त्रावर लिहिण्याचा अधिकार मला नाही हे आधीच कबूल करतो. पण त्या मुलीच्या प्रश्नाचा चटका मला बसला तो शिक्षक म्हणून नव्हे, कादंबरीकार म्हणून. माझ्या दोन कादंबऱ्यांत मिळून पाच ठिकाणी दिव्यावर पतंग झेपावतात. नायिकेचे लग्न मोडते तेव्हा झेपावतात, नायकाचा बाप मरतो तेव्हाही झेपावतात. कोणता पतंग, कोणत्या महिन्यात, किती, हे लिहिताना मला एकदाही सुचले नाही. एक बरे, की या अपराधात मी एकटा नाही. भागवताच्या एकादश स्कंधातल्या अवधूताने चोवीस गुरू केले, त्यांत पतंगालाही स्थान दिले. नाथमहाराजांनी ते मराठीत घरोघर पोचवले. तिकडे उर्दू शायरांनी शमेवर परवाने जाळले ते वेगळेच. एवढा वेदान्त आणि एवढी शायरी ज्याच्या राखेतून निघाली, त्या जिवाच्या जाती भारतात दहा हजारांच्या वर आहेत हे मला चाळिशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हते. फुलपाखरांच्या जाती तेराशे-चौदाशे. पण फुलपाखरू दिवसा, उन्हात, फुलावर बसते. पतंग रात्री येतो आणि सकाळी केरात जातो.

‘लय म्हणजे किती’ हा प्रश्न ज्यांनी धसास लावला, त्यांचा इतिहास मी गेली काही वर्षे जमेल तसा, शब्दकोश मांडीवर घेऊन वाचत आलो आहे. तो सुरू होतो माझ्या गावापासून हजारो मैलांवर, इंग्लंडातल्या मँचेस्टरला. पण त्याचा एक धागा, आणि हा शब्द मी अक्षरशः वापरतो, आमच्या वऱ्हाडातून गेलेला आहे. त्यामुळे तो मला परका वाटला नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मँचेस्टर आणि भोवतालचा लँकेशायर हा जगाच्या कापडाचा कारखाना होता. त्या कारखान्याच्या सावलीत एक विलक्षण जमात राहत असे. हातमागावर बसणारे विणकर, चांभारकाम करणारे कारागीर, आणि असेच कोणी हातावर पोट असलेले लोक रविवारी एखाद्या दारूच्या गुत्त्यात जमत, टेबलावर रानातली झाडेझुडपे आणि किडे मांडत, आणि लिनिअसने घालून दिलेली लॅटिन नावे घोकत. शाळेचा उंबरठाही न ओलांडलेल्या या माणसांना ती नावे तोंडपाठ होती. रात्री ते झाडांच्या खोडांना काकवी आणि रम यांचे मिश्रण फासत, आणि त्यावर डोलत बसलेले पतंग कंदिलाच्या उजेडात टिपत. (आमच्याकडे काकवीचा तुटवडा नाही; रमविषयी शाळामास्तराने न बोललेले बरे.)

अशा हौशी संग्राहकांपैकी एक होता आर. एस. एडल्स्टन. १८४८ साली मँचेस्टरमध्ये एक काळा पतंग सापडल्याची नोंद त्याच्या नावावर आहे. इंग्लंडात एक पांढुरका पतंग असतो. अंगावर मिरपूड शिंपडावी तसे त्याच्यावर काळे ठिपके असतात, म्हणून तिकडे त्याला ‘मिरीचा पतंग’ अशा अर्थाच्या नावाने ओळखतात; शास्त्रीय नाव बिस्टन बेट्युलारिया. दिवसा तो झाडावर निश्चल बसून राहतो. झाडाच्या सालीवर दगडफूल वाढलेले असते, तेच दगडफूल जे आपण गोड्या मसाल्यात घालतो. त्यावर बसला की तो दिसेनासा होतो. एडल्स्टनच्या नोंदीतला पतंग मात्र कोळशासारखा काळा होता. जात तीच, रंग वेगळा.

एडल्स्टनने ही गोष्ट छापली १८६४ साली. तोवर अशा काळ्या पतंगांचे नवल उरले नव्हते. आता हे साल वऱ्हाडी माणसाने कान टवकारून ऐकण्यासारखे आहे. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस बंद झाला, लँकेशायरचे माग उपाशी पडले आणि आमच्या कापसाला कधी नव्हे तो सोन्याचा भाव आला. खामगाव-अमरावतीच्या बाजारपेठा ज्या भरभराटीच्या आठवणी अजून सांगतात, ती हीच वर्षे. म्हणजे ज्या धुराड्यांच्या काजळीने मँचेस्टरची झाडे काळी होत होती, त्या धुराड्यांखाली तेव्हा आमच्या काळ्या मातीतला कापूस पिंजला जात होता. वऱ्हाडच्या इतिहासाच्या पुस्तकांत कापसाचे भाव सापडतात. पतंगाची बाजू मात्र मला तिकडच्याच माणसांच्या टिपणांत भेटली.

१८९५च्या सुमारास मँचेस्टर भागात या जातीचे शंभरातले अठ्ठ्याण्णव पतंग काळे झाले होते. हा आकडा सरकारी शिरगणतीतून आलेला नव्हता. पाच-पन्नास हौशी माणसांनी आपापल्या पेट्यांत टाचणीने टोचून ठेवलेल्या पतंगांखाली चिठ्ठ्या होत्या: ठिकाण, तारीख, पकडणाऱ्याचे नाव. ती चिठ्ठी नसेल तर टोचलेला पतंग हा नुसता मेलेला किडा. चिठ्ठी असेल तर तो साक्षीदार. पुढच्याच वर्षी जे. डब्ल्यू. टट नावाच्या गृहस्थाने या काळेपणाचा अर्थ लावला. गंधकाच्या धुराने दगडफूल मेले, काजळीने साली काळ्या पडल्या. आता त्यांवर पांढरा पतंग पक्ष्याला लांबून दिसतो आणि काळा लपतो. पांढरे खाल्ले जातात, काळे उरतात. हा टट लंडनमधला शाळामास्तर होता हे वाचून मी पुस्तक मिटले आणि उगाचच एक चहा जास्त घेतला.

१९२४ साली जे. बी. एस. हाल्डेन यांनी मँचेस्टरच्या या आकड्यांवर गणित मांडले. पन्नासेक वर्षांत एवढा पालट व्हायचा तर काळ्या पतंगामागे उरणारी संतती पांढऱ्याच्या दीडपट तरी हवी, असा हिशेब त्यांनी काढला. निसर्गात इतकी जबरदस्त निवड चालत असेल यावर तेव्हा विश्वास बसणे अवघड होते. हेच हाल्डेन १९५७ साली इंग्लंड सोडून भारतात आले, इथले नागरिक झाले, आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले. इथे आल्यावर त्यांनी एक गोष्ट हट्टाने सांगितली: गरीब देशाला महागड्या यंत्रांवाचूनही जीवशास्त्र करता येते, डोळे आणि वही पुरते. त्यांच्या एका सहकाऱ्याने काय मोजावे? पारिजातकाच्या पाकळ्या! कुठे पाच, कुठे सहा, कुठे सात. रोज पडलेली फुले वेचून त्यांचा तक्ता मांडला. सत्यभामेच्या अंगणातल्या झाडाची फुले रुक्मिणीच्या अंगणात पडली ही कथा आपण पिढ्यान्पिढ्या सांगितली. पाकळ्या मोजायला एका परदेशी म्हाताऱ्याने सांगावे लागले. हे मी खेदाने लिहीत नाही. मला त्यात गंमतच वाटते.

यापुढची कथा शाळेच्या पुस्तकांत आहे, ती मी आवरून सांगतो. १९५३ साली बर्मिंगहॅमजवळच्या आणि १९५५ साली डॉर्सेटच्या रानांत डॉ. केटलवेल यांनी खुणा केलेले पतंग सोडून कोणते उरतात ते पाहिले, आणि टट मास्तरांचा तर्क खरा ठरवला. पुस्तकांत येत नाही ती त्यांची दुसरी कामगिरी. देशभरच्या हौशी निरीक्षकांकडून त्यांनी आपापल्या गावातल्या काळ्या-पांढऱ्या पतंगांची मोजदाद मागवली आणि तिचा नकाशा केला. कारखान्यांच्या प्रदेशात काळे, पश्चिमेच्या स्वच्छ किनाऱ्याकडे पांढरे. एकटा माणूस असा नकाशा करूच शकत नाही. त्यांच्या प्रयोगावर पुढे आक्षेप आले. २००२ साली तर एका पुस्तकाने लबाडीचा संशयही घेतला. त्या आक्षेपांना उत्तर म्हणून केंब्रिजचे मायकेल मजेरस यांनी स्वतःच्या बागेत वर्षानुवर्षे प्रयोग केला, ४,८६४ पतंग सोडले, आणि तो छापण्याआधीच २००९ साली त्यांना मृत्यूने गाठले. मित्रांनी २०१२ साली तो प्रसिद्ध केला. केटलवेल यांचा निष्कर्ष टिकला.

पण या साऱ्या मंडळींत माझे मन गुंतले ते डॉ. सिरिल क्लार्क यांच्यात. लिव्हरपूलचे हे डॉक्टर फुलपाखरांची पैदास करता करता रक्तगटांच्या वारशाकडे वळले. ऱ्हीसस रक्तगटाच्या विरोधामुळे नवजात बालके दगावत, त्यावरचा उपाय शोधण्यात त्यांचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा मोठा वाटा आहे. आज कोणत्याही प्रसूतिगृहात ते इंजेक्शन मिळते. असा माणूस रोज सकाळी काय करीत असे? आपल्या घरच्या बागेत लावलेल्या दिव्याच्या पेटीतले मिरीचे पतंग मोजत असे. काळे इतके, पांढरे इतके. १९५९ साली सुरुवात केली तेव्हा शंभरात नव्वदांहून अधिक काळे होते. तीन वर्षे आधी, १९५६ साली, इंग्लंडने धुरावर निर्बंध घालणारा कायदा केला होता. १९५२ च्या डिसेंबरात लंडनच्या काळ्या धुक्याने हजारो माणसे मारली होती, त्याचा तो परिणाम. कायद्याने हवा सुधारते की नाही यावर तिकडेही बड्यांचे वाद झाले असतीलच. क्लार्क मोजत राहिले. पाच वर्षे, दहा वर्षे; सुरुवातीला तर काही घडतच नव्हते! पुढे काळे हळूहळू उतरू लागले, आणि १९९४ च्या सुमारास ते शंभरात वीसच्या आसपास आले. काळा होण्याची कथा पन्नास पेट्यांतल्या चिठ्ठ्यांनी सांगितली होती. पुन्हा पांढरा होण्याची कथा एका बागेने सांगितली. १९५९ साली त्यांनी ‘काळे लय आहेत’ एवढेच लिहून ठेवले असते तर?

(२०१६ साली शास्त्रज्ञांनी या काळ्या रंगाचा उगम पतंगाच्या एका जनुकात नेमका दाखवला, आणि तो बदल १८१९ च्या आसपास झाला असावा असे गणित मांडले. आपल्याकडे पेशवाई बुडाली त्याच्या पुढचे साल.)

आता दिव्याविषयी. लंडनच्या उत्तरेला रॉथॅमस्टेड नावाची शेतीसंशोधनाची जुनी संस्था आहे, १८४३ पासूनची. तिथे सी. बी. विल्यम्स यांनी १९३३ साली शेताच्या कडेला एक दिव्याचा सापळा उभारला आणि चार वर्षे दररोज रात्री पडणारे पतंग मोजले. महायुद्धानंतर १९४६ ते १९५० पुन्हा मोजले. १९६० साली एल. आर. टेलर यांनी तोच सापळा त्याच जागी पुन्हा लावला, तेव्हा पूर्वीच्या मानाने संख्या फार घटलेली दिसली. मधल्या काळात शेतीच पालटली होती. टेलर यांनी मग देशभर असे सापळे लावण्याचे ठरवले, आणि १९६८ पासून त्याचे जाळे पसरले. शाळा, बागा, राखीव राने, खासगी घरांची परसे. चालवणारे बहुतेक बिनपगारी. नियम एकच आणि तो अतिशय कंटाळवाणा: दिवा सगळीकडे सारखा, दोनशे वॅटचा पिवळा, तो बदलायचा नाही, हलवायचा नाही, आणि एकही रात्र चुकवायची नाही. अधिक प्रखर दिवा लावला तर अधिक पतंग येतील, हे त्यांनाही कळत होते. पण मग कालच्या आकड्याशी आजचा आकडा बोलणार कसा?

या कंटाळ्यातून जे निघाले ते असे. २००६ साली, पस्तीस वर्षांच्या नोंदी ताडून, नेहमी आढळणाऱ्या ३३७ जातींपैकी दोनतृतीयांश घटत आहेत असे प्रसिद्ध झाले. एकूण पतंग जवळजवळ एकतृतीयांशाने कमी. बागेतला वाघ्या म्हणता येईल असा एक देखणा, केसाळ अळीचा पतंग आहे, पोरांच्या आवडीचा, तो तर शंभरातले एकोणनव्वद गमावून बसला होता. हे पतंग दुर्मीळ नव्हते, घरोघरचे होते. दुर्मिळाची काळजी घ्यायला जगात माणसे असतात. नेहमीचे कमी होत गेले तर ते कोणाच्या लक्षातही येत नाही. २००७ पासून तिथे हौशी लोकांच्या नोंदी एकत्र करण्याची राष्ट्रीय योजना चालली, आणि २०१९ साली अडीच कोटींहून अधिक नोंदींवर आधारलेला पतंगांचा नकाशासंग्रह निघाला. अडीच कोटी! एकेक नोंद म्हणजे कोणीतरी सकाळी चष्मा लावून पेटीत वाकलेले आहे.

मग आपल्याकडे काय होते? काहीच नव्हते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत आठ माणसांनी एकत्र येऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. आठांपैकी दोघे आपले: प्रार्थना समाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन, रखमाबाईंचे सावत्र वडील. उरलेल्यांत कर्नल चार्ल्स स्विन्हो हे पतंगवेडे लष्करी अधिकारी. त्यांनी १८८५ साली मुंबई आणि दख्खनच्या फुलपाखरा-पतंगांवर लंडनमध्ये लेख छापला, पुढे कोट्स यांच्याबरोबर भारतातल्या पतंगांची यादी केली. निलगिरीत चहाचे मळे सांभाळलेल्या हॅम्प्सन यांनी १८९२ ते १८९६ या काळात पतंगांवरचे चार जाडजूड खंड लिहिले. आजही आपल्याकडे पतंग ओळखणाऱ्याला त्या खंडांपाशी जावे लागते.

आठांतले आणखी एक, एडवर्ड हॅमिल्टन एटकेन, हे तर साताऱ्याला जन्मलेले. मिठाच्या आणि जकातीच्या खात्यात नोकरी, आणि लेखणी इतकी मिश्कील की बंगल्यातल्या पाली, मुंग्या, बेडूक यांच्यावरचे त्यांचे पुस्तक अजून हसवते. नोकरीने त्यांना कारवारला नेले. तिथे कलेक्टर डेव्हिडसन आणि जंगलखात्याचे बेल हे दोघे समानधर्मी भेटले, आणि या तीन सरकारी अंमलदारांनी फावल्या वेळात अळ्या पाळण्याचा उद्योग आरंभला. कोणत्या झाडाच्या पानावर कोणती अळी, ती कोणत्या दिवशी कात टाकते, कोष कसा टांगते, त्यातून काय बाहेर पडते, हे त्यांनी इतक्या बारकाईने लिहिले की ते वाचताना आपणच पेटीचे झाकण उघडून पाहत आहोत असे वाटते. बेल निवृत्तीनंतरही मायदेशी परतले नाहीत. कारवारलाच राहिले, १९३७ साली मेजर स्कॉट यांच्याबरोबर त्यांचा भिरभिऱ्या पतंगांवरचा खंड निघाला, आणि १९४८ साली ते तिथेच वारले. अळी सापडायची तर आधी झाड ओळखावे लागते, आणि कारवारच्या रानात साहेबाला झाड दाखवणारा माणूस कोण असेल हे सांगायला नको. डोक्यावर मुंडासे, हातात कोयता, आणि पुस्तकाच्या मुखपृष्ठावर नाव नाही.

हे सगळे वाचून मी मोठ्या आशेने शोधू लागलो: त्या खंडांत माझ्या आबाजींच्या ‘लय’चा आकडा मिळेल का? मिळाला नाही, मिळण्यासारखाही नव्हता. नाव होते, पंखांवरच्या रेघा होत्या, ‘सर्व भारतभर’ असा पत्ता होता. किती, हे त्यांचे काम नव्हते. त्यांना देश ओळखायचा होता. एका दिव्याखाली पन्नास वर्षे बसायचे नव्हते. बदलीच्या नोकरीत ते शक्यही नसते. एक राजवट गेली, दुसरी आली, विहिरींवर मोटा जाऊन पंप आले, ज्वारी जाऊन सोयाबीन आले, आणि या साऱ्या पालटात रात्रीच्या दिव्याभोवती काय घडले याची एकही ओळ माझ्या तालुक्यात कोणी लिहून ठेवली नाही. आबाजींची आठवण खोटी आहे असे मी म्हणत नाही. पण माझ्याजवळ तिला द्यायला पुरावा नाही.

मोजले ते एकाच पतंगाला, कारण त्याने खिशात हात घातला. १८४२ साली भडोचच्या कपाशीवर एक गुलाबी अळी आढळली. सॉन्डर्स यांनी पुढच्याच वर्षी तिच्या पतंगाला नाव दिले. हीच आपली गुलाबी बोंडअळी. २००२ साली बीटी कापूस आला तेव्हा ती संपली असे आम्ही समजलो. २०१७ साली तिने विदर्भ-मराठवाड्यातली बोंडे पोखरून दाखवली. तेव्हापासून आमच्याकडे शेताशेतांत कामगंध सापळे दिसतात. त्यात मादीच्या वासाची गोळी असते, नर भुलून येतो आणि पिशवीत पडतो. एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग पडले की फवारणीचा विचार करावा, असे कृषिखाते सांगते. वऱ्हाडातला शेतकरी पहाटे धुऱ्यावर उभा राहून पिशवीतले पतंग मोजतो, तेव्हा तो मँचेस्टरच्या विणकराचेच काम करीत असतो. फरक एवढाच, की हंगाम संपला की तो कागद चुलीत जातो.

हे सारे लिहिण्याला माझ्या स्वतःच्या एका फजितीचे निमित्त आहे, ती आता सांगायलाच हवी. २०१५ च्या पावसाळ्यात मी शाळेच्या मागच्या भिंतीवर एक पांढरी चादर ताणली, शंभराचा पिवळा दिवा लावला आणि दर शनिवारी रात्री मुलांबरोबर पतंग मोजू लागलो. नावे येत नव्हती. आम्ही चित्रे काढत होतो आणि आपलीच नावे देत होतो: चष्मेवाला, वाळके पान, म्हातारीची शाल. हजेरीपटासारखी वही आखली. तीन वर्षे ठीक गेली. चौथ्या वर्षी आकडे एकदम निम्म्याहून खाली आले. मी हादरलो, आणि खरे सांगायचे तर, थोडा हर्षलोही. कादंबरीकाराला शोकान्तिका सापडली की त्याचे असेच होते. मी एका स्थानिक पत्रात भावपूर्ण लेख लिहिला; वाचकांची पत्रे आली; एका सभेत माझा नारळ देऊन सत्कारही झाला.

पुढे काही महिन्यांनी, रॉथॅमस्टेडची ती हकीकत वाचताना, दिवा बदलायचा नाही या वाक्यापाशी आलो. रात्रीचे अकरा वाजले होते. तसाच उठलो, पायांत चपलाही न घालता शाळेच्या मागे गेलो आणि टॉर्च लावून पाहिले. होल्डरमध्ये नवा, पांढऱ्या उजेडाचा एलईडी दिवा होता. वीज वाचावी म्हणून कोणीतरी आदल्या उन्हाळ्यात साऱ्या शाळेचे दिवे बदलले होते. त्या दिव्यात पतंगाला खेचणारा जांभळ्यापलीकडचा प्रकाश जवळजवळ नसतोच. पतंग गेले नव्हते. मीच त्यांना बोलवायचे सोडले होते. आणि तीन वर्षे रोज वर्गात ‘निरीक्षण करा’ असे सांगणाऱ्या मला डोक्यावरचा दिवा दिसला नव्हता.

दुरुस्तीचा मजकूर मी त्या पत्राकडे पाठवला. तो छापून आला नाही. नारळ परत करण्याची रीत नसल्यामुळे तो प्रश्न उद्भवला नाही. जुन्या बाजारातल्या एका दुकानात शंभराचे पिवळे दिवे शिल्लक होते, ते डझनभर आणून कपाटात कुलूप लावून ठेवले आहेत. वहीत त्या वर्षाच्या पानांवर तांबड्या शाईने ‘दिवा वेगळा’ असे लिहिले आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून धरली. त्यामुळे पतंग कमी झाले की नाहीत हे मला आजही छातीठोकपणे सांगता येत नाही. विचारणाऱ्याला मी म्हणतो, अजून वीस वर्षांनी या. जुलैच्या अखेरीस पतंगांचा एक आठवडा असतो; अमेरिकेतल्या न्यू जर्सीत २०१२ साली सुरू झाला, आता आपल्याकडेही गावोगावची माणसे त्या रात्री चादरी लावतात आणि फोनवर छायाचित्रे काढून एकमेकांना पाठवतात. आमचा चष्मेवाला कोण आहे ते मला अशाच एका अनोळखी मुलाने, नाशकाहून, अर्ध्या तासात कळवले.

मळ्यातल्या त्या रात्रीनंतर वही सातवीतल्या त्या मुलीकडे आहे. तिने पहिले काम केले ते आबाजींकडे जाऊन त्यांना पुन्हा विचारण्याचे. पुष्कळ घासाघीस झाल्यावर आबाजींनी ‘सुपभर’ असे उत्तर दिले. कंदिलाखाली सकाळी झाडून काढलेली पाखरे सुपात भरली तर सूपभर भरत. तिने ते तसेच, त्यांच्या नावानिशी, तारीख घालून वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतले आहे.

गेल्या श्रावणातल्या एका शनिवारी मला परगावी जावे लागले. परतल्यावर वही पाहिली तर त्या रात्रीच्या रकान्यात शून्य होते. मी विचारले, “एकही आला नाही?”

“नाही सर. लाईनच नव्हती. दिवा लावलाच नाही.”

“मग ते शून्य नव्हे, बाळ. दिवा लावून बसलीस आणि कोणी आले नाही, तर शून्य. इथे रेघ मार.”

तिने खोडरबर काढले, शून्य पुसले आणि पट्टी लावून रेघ मारली. मग थोडा विचार करून रेघेच्या पुढे लिहिले, ‘लाईन नव्हती’.